अनुदान जमिनीचं की राबणाऱ्याचं? बून काउंटी ते औसा

तेरणाकाठ

नमस्कार. बरेच दिवस डोक्यात घोळतंय, आज सविस्तर लिहिते.

आम्ही सहा वर्षांपासून अमेरिकेत, आयोवा राज्यातल्या बून काउंटीत राहतो. काउंटी म्हणजे आपल्या तालुक्याच्या आणि जिल्ह्याच्या मधलं काहीतरी. आयोवात अशा ९९ आहेत. मागच्या दारातून पाऊल टाकलं की सोयाबीन आणि मका, नजर पोचेल तिथवर. माझं माहेर लातूर जिल्ह्यातल्या औसा तालुक्यातलं, तिथंही सोयाबीनच. त्यामुळे इथे आल्यावर झाडं तरी ओळखीची वाटली.

इथे कोणत्या शेतकऱ्याला सरकारकडून किती पैसे मिळाले, हे नावानिशी कुणालाही पाहता येतं. १९९५ पासूनचे आकडे काउंटीवार मांडलेले आहेत. एका संध्याकाळी आमच्या काउंटीची यादी उघडली आणि मध्यरात्रीपर्यंत वाचत बसले. काही नावं ओळखीची निघाली. पण आमच्या शेजारी रोज ट्रॅक्टरवर दिसणारा तिशीतला मुलगा यादीत खूप खाली, आणि ज्यांना मी कधी रानात पाहिलं नाही असे काही लोक खूप वर. काहींचे तर पत्तेच दूरच्या शहरांतले.

ते पाहताना घरचीच गोष्ट आठवली. आमचे वडील ७४ वर्षांचे आहेत. पाच एकर आहे, चार वर्षांपासून बटईनं दिलंय. बियाणं-खत निम्मं-निम्मं, कष्ट सगळे बटईदाराचे. सप्टेंबर २०२५ च्या अतिवृष्टीत उभं सोयाबीन पाण्यात गेलं. हेक्टरी ८,५०० प्रमाणे दोन हेक्टरांचे १७,००० वडिलांच्या खात्यावर आले, रब्बीसाठीचे हेक्टरी १०,००० वेगळे. पीएम किसानचे ६,००० आणि राज्याच्या नमो योजनेचे ६,००० दरवर्षी येतात तेही त्यांच्याच खात्यावर. बटईदाराच्या खात्यावर शून्य.

वडील वाईट माणूस नाहीत, कायद्यानं त्यांचंच आहे. तरी मला विचारायचंय: शेतीचं अनुदान नक्की कुणासाठी असतं? जमीन ज्याच्या नावावर त्याच्यासाठी, की पीक ज्यानं काढलं त्याच्यासाठी? अमेरिकेतले आणि आपल्याकडचे, दोन्हीकडचे अनुभव लिहा.

लोकलकर

आधी मूळ प्रश्न विचारतो. अनुदान हवंच कशाला? न्यूझीलंडने १९८४ मध्ये जवळपास सगळी शेती अनुदानं काढून टाकली. शेतकरी देशोधडीला लागतील असं सगळे म्हणत होते. प्रत्यक्षात मोजकेच गेले, बाकीचे टिकले आणि सुधारले. मी पगारदार आहे, कर भरतो, त्यामुळे विचारायचा हक्क आहे.

कोरडवाहू

लोकलकर, हक्क तुमचा आहेच. पण न्यूझीलंडचा मेंढपाळ आणि यवतमाळचा पराटीवाला (कापूसवाला) एका तराजूत घालू नका. आमच्या वावरात पाण्याचा थेंब येतो तो आभाळातून. आमचा कापूस विकला जातो त्या भावावर अमेरिकेच्या अनुदानाचं वजन असतं.

हे हवेतलं बोलणं नाही. अमेरिका आपल्या कापूसवाल्यांना एवढे पैसे देत होती की जगातला भाव पडायचा. ब्राझील २००२ मध्ये जागतिक व्यापार संघटनेत गेला, खटला जिंकला. अमेरिकेनं अनुदान लगेच बंद केलं नाही, उलट ब्राझीललाच पैसे द्यायला लागली आणि २०१४ मध्ये ३० कोटी डॉलर देऊन प्रकरण मिटवलं. ब्राझीलला मिळाले. विदर्भाला काय मिळालं? तोच पडलेला भाव आम्हीही सोसला होता.

आणि ऑगस्ट २०२५ मध्ये आपल्याच सरकारनं कापसावरचं ११ टक्के आयात शुल्क काढलं, ते वर्षाखेरपर्यंत. आमची वेचणी सुरू व्हायच्या तोंडावर.

भीमथडी

+१ कोरडवाहू.

लोकलकर, डिसेंबर २०२३ ला कांद्याची निर्यात बंद केली, मे २०२४ ला उघडली. त्या पाच महिन्यांत तुमच्या पिशवीत जो स्वस्त कांदा आला, त्याचे पैसे कुणी भरले? शेतकऱ्यानं. शरद जोशी यालाच उणे सबसिडी म्हणायचे. शेतकरी संघटनेची घोषणा ‘भीक नको, हवे घामाचे दाम’ अशी होती, आणि ती आजही मला पटते. भाव मिळू द्या, मग बाकी काही देऊ नका.

लोकलकर

कांद्याचं मान्य. ते मी या बाजूनं पाहिलं नव्हतं. ग्राहकाला स्वस्त द्यायचं असेल तर ते सरकारनं तिजोरीतून द्यावं, शेतकऱ्याच्या खिशातून नको.

डेमॉइनकर

तेरणाकाठ ताई, तुमच्यापासून पाऊण तासावर राहतो. पीकविम्याच्या सॉफ्टवेअरमध्ये काम करतो, म्हणून इथली गुंतागुंत थोडी उलगडून सांगतो.

इथे पैसे तीन-चार वाटांनी येतात. मुख्य दोन योजना २०१४ च्या शेती कायद्यातून आल्या. एकीत सरकार प्रत्येक पिकाला संदर्भ किंमत ठरवतं. वर्षाचा सरासरी बाजारभाव त्याखाली गेला तर फरक मिळतो. मक्याला आधी बुशेलला ३.७० डॉलर होती, २०२५ च्या कायद्यानं ४.१० केली. सोयाबीनची ८.४० वरून १०. (सोयाबीनचा बुशेल सुमारे २७ किलोचा, मक्याचा २५ किलोच्या थोडा वर.)

दुसरी योजना काउंटीच्या उत्पन्नावर चालते. मागच्या पाच वर्षांतलं सगळ्यात चांगलं आणि सगळ्यात वाईट वर्ष वगळून उरलेल्यांची सरासरी काढतात. काउंटीचं एकरी उत्पन्न गुणिले भाव हा आकडा त्या सरासरीच्या ८६ टक्क्यांखाली गेला की सगळ्या काउंटीला पैसे, आता नव्या कायद्यात ९० टक्के. तुमच्या शेतात काय झालं हे कुणी विचारत नाही. आणि पैसे हातात येतात पुढच्या वर्षीच्या ऑक्टोबरनंतर.

आता ताईंच्या प्रश्नाचा गाभा. हे दोन्ही पैसे ‘बेस एकर’वर मिळतात. म्हणजे त्या जमिनीवर पूर्वी कोणतं पीक किती होतं याची सरकारी नोंद. आज तिथे काय पेरलंय याच्याशी संबंध नाही. मक्याचे बेस एकर असतील आणि तुम्ही यंदा सोयाबीन लावलं, तरी पैसे मक्याचे. अनुदान कागदावरच्या एकरांना चिकटलेलं आहे.

पेरा

म्हणजे आपल्या पीकविम्याचं महसूल मंडळ (काही गावांचा गट) आणि त्यांची काउंटी हा एकच खेळ की! आपल्याकडे मंडळात ठरावीक प्लॉटवर पीक कापणी प्रयोग होतात. मागच्या सात वर्षांतली चांगली पाच धरून सरासरी काढतात, तिचे ७० टक्के म्हणजे उंबरठा उत्पन्न. मंडळाचं उत्पन्न त्याखाली गेलं तर सगळ्यांना भरपाई, नाही गेलं तर कुणालाच नाही. माझ्या रानात गारपीट आणि शेजारच्या शिवारात ऊन असेल तरी सरासरी एकच.

डेमॉइनकर

पेरा, अर्धं बरोबर. एक मोठा फरक आहे. इथे काउंटीच्या योजनेखेरीज वेगळा पीकविमा असतो आणि तो बहुतेक जण स्वतःच्या शेताच्या उत्पन्नावर घेतात. दर वर्षीचं स्वतःचं उत्पन्न नोंदवावं लागतं, त्यावर विम्याची रक्कम ठरते. हप्त्याचा साधारण ६० टक्के भार सरकार उचलतं. १० ऑगस्ट २०२० ला आयोवात जे वादळ आलं त्यात बून काउंटीतला मका अक्षरशः जमिनीवर लोळला होता. तेव्हा लोकांना आधार दिला तो या वैयक्तिक विम्यानं.

तरी यातही एक गोम आहे. थेट अनुदानाला माणशी वार्षिक मर्यादा आहे, आधी १,२५,००० डॉलर होती, आता १,५५,००० केली. पण विम्याच्या हप्त्यावरच्या सरकारी वाट्याला मर्यादाच नाही. जितकी जास्त जमीन तितकी जास्त मदत.

रानजाई

१,५५,००० डॉलर ‘मर्यादा’! आमच्या नाशिकच्या द्राक्षवाल्यांनी हा आकडा वाचला तर पुन्हा वाचतील.

पेरा, गारपिटीचं म्हणताय ते मी भोगलंय. पूर्वी ७२ तासांत नुकसान कळवलं की निदान एक माणूस पंचनाम्याला यायचा. २०२५ पासून राज्यात सगळं कापणी प्रयोगावर नेलं. एक रुपयात विमाही गेला, आता खरिपाला २ टक्के, रब्बीला दीड आणि नगदी पिकाला ५ टक्के हप्ता. हप्त्याची तक्रार नाही हो. एक रुपयात बोगस अर्जांचा पूर आला होता आणि बदनाम सगळे झाले. पण पैसे भरून घेता तर माझ्या बागेत येऊन बघा एवढंच म्हणणं आहे.

जुनी_पानं

धागा वाचताना १९३३ आठवलं, म्हणजे वाचलेलं. अमेरिकेतलं शेती अनुदान तिथून सुरू होतं. मंदीत भाव इतके कोसळले होते की रूझवेल्ट सरकारनं शेतकऱ्यांना कमी पिकवण्यासाठी पैसे दिले. उभा कापूस नांगरून टाकला, डुकरांची ६० लाख पिल्लं मारली, आणि हे लोक भुकेनं रांगेत उभे असताना. कृषिमंत्री होते हेन्री वॉलेस, आयोवाचेच. संकरित मक्याचं बियाणं विकणारी कंपनी त्यांनी १९२६ मध्ये काढली होती. तो कायदा १९३६ मध्ये तिथल्या सर्वोच्च न्यायालयानं रद्द केला, १९३८ मध्ये नव्यानं आला.

पण तेरणाकाठ यांच्या प्रश्नाशी जोडलेली गोष्ट दक्षिणेत घडली. तिथे कापसाची शेती वाटेकरी करत, बरेचसे कृष्णवर्णीय. कमी पेरण्याचे पैसे आले जमीनमालकाच्या हाती. वाटेकऱ्याला त्याचा हिस्सा द्यावा असं कागदावर होतं. मालकांनी हिशेब केला: पेरा कमी झाला तर वाटेकरी तरी कशाला? हजारो कुटुंबं घराबाहेर काढली गेली. गरीब शेतकऱ्याला वाचवायला निघालेल्या पैशानंच गरीब शेतकरी जमिनीवरून उठला.

पुढेही हे संपलं नाही. कर्ज आणि मदत देताना कृष्णवर्णीय शेतकऱ्यांना डावललं म्हणून अमेरिकी कृषी खात्यावर खटला झाला, १९९९ मध्ये समझोता होऊन सुमारे १ अब्ज डॉलर द्यावे लागले. काउंटीच्या समित्या शेतकऱ्यांनी निवडलेल्या असतात. गावात ज्याचं चालतं, समितीतही त्याचंच चालायचं.

कोरडवाहू

जुनी_पानं, हे वाचून गप्प झालो. आमच्याकडे मक्त्यानं वावर करणारा असतो, रोख रक्कम आधी मोजतो. बोंडअळीनं पराटी खाल्ली तरी मक्ता परत मिळत नाही. मदत येते मालकाला. त्याच्या नावावर ना कर्ज, ना विमा, ना किसान सन्मान. सावकाराचंच दार उरतं. मी हे लांबून पाहिलेलं नाही, माझा चुलत मामा असाच मक्तेदार होता.

सातबारा

महसूल खात्यात ३३ वर्षं काढली, त्यातली बरीच सजावर (तलाठ्याच्या हद्दीतली गावं). हा प्रश्न योजनांचा कमी, कुळकायद्याचा जास्त.

१९४८ चा कुळकायदा आला, त्यात १ एप्रिल १९५७ हा कृषक दिन ठरला. त्या दिवशी जो कसत होता त्याला जमीन मिळायचा मार्ग उघडला. मराठवाड्यात हैदराबाद राज्याचा १९५० चा वेगळा कायदा. हे कायदे झाले नसते तर आज निम्मे शेतकरी मजूर असते, त्यामुळे त्यांना नावं ठेवणार नाही. पण त्या कायद्यांची भीती मालकांच्या मनात तीन पिढ्या टिकली. बटईदाराचं नाव कागदावर आलं की जमीन गेली, अशी. म्हणून सगळे व्यवहार तोंडी. पाडव्याला पारावर बसून ठरायचं, साक्षीला दोन म्हातारे. सातबाऱ्याच्या पीकपेऱ्यात ‘खुद्द’, म्हणजे मालक स्वतः कसतो.

आता २०२१ पासून ई-पीक पाहणी आली. मोबाईल बटईदाराच्या हातात, फोटो तो काढतो, आणि नोंद पडते मालकाच्या खात्यावर. कापूस-सोयाबीनला २०२३ च्या खरिपासाठी हेक्टरी ५,००० दिले, दोन हेक्टरांपर्यंत. त्यालाही हीच नोंद लागली. फोटो काढणाऱ्याला त्यातलं काय मिळालं, हे त्या त्या मालकाच्या मनावर.

पीएम किसानच्या नियमात तर १ फेब्रुवारी २०१९ ला जमीन ज्याच्या नावावर तोच पात्र. भाडेकरू, बटईदार यात बसतच नाही. माझ्याकडे अशी माणसं यायची, ‘अण्णासाहेब, माझंही नाव घाला’ म्हणायची. मी काय घालणार? रकानाच नव्हता.

रानजाई

सातबारा काका, रकाना बायकांसाठीही नसतो. पेरणी, खुरपणी, काढणी, सगळ्यात अर्ध्याहून जास्त हात आमचे. सातबाऱ्यावर नाव नाही म्हणून शेतकरी नाही. लक्ष्मीमुक्ती योजनेत नवऱ्याच्या हयातीत बायकोचं नाव लावता येतं, तेही फुकट. गावात किती जणांनी लावलं विचारा. आमच्या गल्लीत दोघांनी. त्यातले एक माझे मालक, आणि त्यासाठी मी दोन वर्षं रोज विषय काढला!

सातबारा

ताई, अभिनंदन. दोन वर्षं म्हणजे लवकरच झालं.

भीमथडी

थोडं वेगळं सांगतो. मालकाच्या नावे आलं तरी ते मालकाकडे राहतंच असं नाही.

मी २०१९ ला तीन एकर डाळिंबाला ठिबक केलं. योजनेतून छोट्या शेतकऱ्याला ८० टक्क्यांपर्यंत अनुदान. विक्रेत्याकडे गेलो तर दोन भाव: अनुदानाच्या फाइलीतला एक आणि रोखीचा एक. रोखीचा इतका कमी की अनुदान वजा करूनही फार फरक पडेना. शिवाय फाइलीसाठी हेलपाटे आणि वर्षभर थांबणं. शेवटी रोखीनं घेतलं. अनुदान माझ्या नावाचं, पण ते नळीच्या किमतीत आधीच मुरलेलं होतं.

डेमॉइनकर

भीमथडी, हेच इथे जमिनीच्या भाड्यात होतं. जमीन रोख भाड्यानं घेतली असेल तर नियमानं अनुदान कसणाऱ्यालाच मिळतं, पीकवाटा असेल तर दोघांना वाट्याप्रमाणे. भाडेकराराची नोंद कार्यालयात असते, त्यामुळे कागदावर आपल्यापेक्षा न्याय्य. आयोवातली निम्म्याहून जास्त शेतजमीन भाड्यानंच कसली जाते.

पण मालकालाही माहीत असतं की या जमिनीवर अमुक बेस एकर आहेत आणि तमुक पैसे येतील. पुढच्या करारात भाडं तेवढं वर. नाही परवडलं तर दुसरा तयार आहे. पैसे कसणाऱ्याच्या खात्यावर येतात आणि भाड्याच्या चेकमधून निघून जातात.

पेरा

मग मला कुणीतरी सांगा, एवढं सगळं मिळून अमेरिकेचा शेतकरी सुखी आहे का? मी हिशेब करत होतो. त्यांची सोयाबीनची संदर्भ किंमत क्विंटलला साधारण ३७ डॉलर निघते. आपला २०२५-२६ चा हमीभाव ५,३२८ रुपये, म्हणजे त्यांच्यापेक्षा बराच जास्त! तरी आपण तोट्यात आणि ते टिकून. कारण त्यांना एकरी १३-१४ क्विंटल होतं आणि आपल्याला चार.

कोरडवाहू

पेरा भाऊ, ५,३२८ कुणाला मिळाले ते आधी विचारा. केंद्रावर नेलं की ओलावा १२ टक्क्यांच्या आत पाहिजे. पावसात भिजलेलं सोयाबीन १२ वर कुठून आणू? मग व्यापाऱ्याला द्यायचं, तो देईल त्या भावात. एकरी चार क्विंटल, तेही न मिळालेल्या हमीभावानं.

तेरणाकाठ

एवढे प्रतिसाद पाहून भरून आलं. सगळे दोनदा वाचले.

पेरा, सुखी का ते सांगते. माझ्या ग्रंथालयात एक आजी येतात, ऐंशीच्या घरातल्या. १९८० च्या दशकात व्याजदर वाढले, जमिनीच्या किमती कोसळल्या, तेव्हा त्यांचं शेत बँकेनं लिलावात काढलं. अजून त्या रस्त्यावरून त्या गाडी नेत नाहीत. २०१८ ला चीननं इथल्या सोयाबीनवर २५ टक्के कर लावला. सरकारनं भरपाई म्हणून सोयाबीनला बुशेलला १.६५ डॉलर दिले, म्हणजे क्विंटलला सहा डॉलर. आणि मक्याला किती? एक सेंट. मका लावलेल्या लोकांनी त्या एक सेंटाच्या चेकचे किस्से मला तीन वर्षांनंतरही सांगितले. २०१९ ला पद्धत बदलली, काउंटीनुसार एकरी १५ ते १५० डॉलर. काउंटीच्या रेषेच्या अलीकडे एक दर, पलीकडे दुसरा. माती तीच.

अपमान वाटतो हो त्यांनाही. ‘आम्हाला चेक नको, बाजार द्या’ हे वाक्य मी इथे इतक्यांदा ऐकलंय की भीमथडी यांनी लिहिलेली घोषणा वाचून दचकलेच.

लोकलकर

एक बाळबोध शंका. पडीक ठेवायला पैसे देतात म्हणे, ते खरं का?

डेमॉइनकर

खरं आहे, पण पडीक म्हणजे आपण समजतो तसं नाही. १९८५ च्या कायद्यातली योजना आहे. उताराची, धूप होणारी, ओढ्याकाठची जमीन १० ते १५ वर्षांच्या करारानं पिकातून काढायची, तिथे गवत किंवा झाडं लावायची, सरकार वर्षाला भाडं देतं. माझ्या मते सगळ्या योजनांत हीच सगळ्यात शहाणी. आयोवातली नत्रखतं नदीतून थेट मेक्सिकोच्या आखातापर्यंत पोचतात, गवताच्या पट्ट्या ते अडवतात. पण मक्याचा भाव चढला की लोक करार संपताच नांगर घालतात.

जुनी_पानं

आणि मक्याचा भाव चढतो त्याला इथेनॉलही कारण. अमेरिकेतला सुमारे ४० टक्के मका इंधनाकडे जातो. तेही एका अर्थी अनुदानच, फक्त चेकवर लिहिलेलं नसतं.

भीमथडी

इथेनॉलवर आमच्या उसाला घेऊन वेगळा धागा काढावा लागेल. इथे नको, रात्र पुरणार नाही.

पेरा

मर्यादा चुकवायला लोक काय करतात तिकडे? आमच्याकडे दोन हेक्टरांची मर्यादा आली की घराघरांत खातेफोड.

डेमॉइनकर

अगदी तेच. मर्यादा माणशी आहे, म्हणून शेतीच्या भागीदारीत माणसं वाढवायची. २०१८ च्या कायद्यानं तर ‘कुटुंब’ या शब्दात चुलत-मावस भावंडं आणि भाचे-पुतणेसुद्धा घातले. शेतात कधी न आलेला पुतण्याही व्यवस्थापनात सहभागी म्हणून दाखवता येतो.

रानजाई

म्हणजे भाऊबंदकी तिकडेही पोचली. फक्त आमची बांधावरून, त्यांची चेकवरून.

सातबारा

विषय भरकटण्याआधी तेरणाकाठ ताईंच्या १७,००० वर येऊ. नोकरीत असताना बोलता येत नव्हतं, आता बोलतो.

हेक्टरी मदत दिली जाते ती पिकाच्या नुकसानीची. जमीन तर जागेवर आहे. (खरडून गेली तर त्याची मदत वेगळी असते.) मग बियाणं-खत निम्मं आणि कष्ट पूर्ण ज्याचे, नुकसान जास्त कुणाचं? माझ्या हिशेबानं किमान निम्मे पैसे त्याचे. पीएम किसान वेगळं, ते जमीनधारकाचं म्हणूनच दिलेलं आहे, त्यात मी बटईदाराचा हक्क सांगणार नाही. पण पिकाचे पैसे पिकवणाऱ्याला.

कोरडवाहू

निम्मे नाही, त्याहून जास्त. त्याचे सहा महिने गेले. तुमच्या वडिलांना काही ना काही येणं चालू आहे, त्याला ते एकच पीक होतं.

लोकलकर

ताई, मी सुरुवातीला अनुदानच कशाला म्हणालो होतो. आता वेगळं विचारतो. बटईदाराचं नाव नसेल तर सरकारला हे तरी कळतं का की तो आहे?

सातबारा

नाही कळत. माझ्या सजात किती बटईदार होते हे मला तोंडपाठ होतं, दप्तरात एकही नव्हता.

तेरणाकाठ

दोन आठवड्यांनी लिहितेय, माफ करा.

आधी इथलं. ट्रॅक्टरवरच्या शेजारच्या मुलाशी बोलले. त्याच्याकडे ७०० एकर आहेत, त्यातले स्वतःचे ४०. बाकी भाड्याचे, चार मालकांचे. डेमॉइनकर यांनी लिहिलं ते त्यानं शब्दशः सांगितलं, अनुदान आलं त्या वर्षी दोन मालकांनी भाडं वाढवलं. आयोवात करार मोडायचा असेल तर मालकाला १ सप्टेंबरपर्यंत लेखी कळवावं लागतं, नाही कळवलं तर पुढचं वर्ष आपोआप मिळतं, आणि नवं वर्ष १ मार्चला सुरू होतं. ‘ऑगस्टमध्ये मी टपालपेटीकडे बघत नाही,’ असं म्हणाला. सातशे एकर कसणारा माणूस! मला आमचा बटईदार दिसला. तोही शिमगा संपला की वडिलांसमोर जास्त बोलत नाही, पाडव्याला काय ठरतंय याचा अंदाज घेत असतो.

मग वडिलांना फोन केला. हा धागा त्यांना वाचून दाखवला, सातबारा काकांचा प्रतिसाद त्यांनी मला दोनदा वाचायला लावला. आधी चिडले. ‘सरकारनं माझ्या खात्यावर टाकलेत, मी काय चोरलेत?’ मी म्हटलं नाही. नंतर बराच वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, त्यानं गेल्या वर्षी आईच्या दवाखान्याच्या वेळी रात्री जीप काढली होती, पैसे घेतले नाहीत.

काल त्यांचा फोन आला. अतिवृष्टीच्या १७,००० मधले दहा हजार बटईदाराला दिले. रब्बीच्या पैशातून हरभऱ्याचं बियाणं दोघांचं मिळून आधीच घेतलं होतं, ते तसंच. यंदा विम्याचा हप्ता निम्मा-निम्मा भरायचा आणि भरपाई आली तर निम्मी-निम्मी, असं ठरलं. लिहून द्यायला मात्र तयार नाहीत. कुळकायद्याची भीती आहे, आजोबांनी घातलेली. मग दोन साक्षीदार बसवले.

सातबारा काका, एक विचारायचं राहिलं. बटईदाराच्या मोबाईलवरून ई-पीक पाहणी करायची तर ओटीपी वडिलांच्या नंबरवर येतो आणि रानात त्यांना रेंज नसते. मागच्या खरिपात त्यामुळे नोंद उशिरा झाली. काय करावं?

सातबारा

नोंदणीच्या वेळी ओटीपी घरी घ्यायचा, मग फोन घेऊन रानात जायचं. फोटो रानातच काढावा लागतो, रेंज नसली तरी निघतो, रेंजमध्ये आल्यावर चढवायचा. तरी अडलं तर शेवटच्या दिवसाची वाट न बघता गावच्या सहायकाला गाठा. आणि वडिलांना माझा नमस्कार सांगा.